दिलेली ओळ आणि तिची पूर्ती : समस्यापूर्तीपासून संकेतस्थळांवरील लेखनखेळांपर्यंत

प्रास्ताविक

वार्षिक नियतकालिकासाठी साहित्य मागविणारी सूचना फलकावर लागली की पुढे काय घडते, हे जेऊर-करमाळा परिसरातीलच नव्हे, तर ग्रामीण महाराष्ट्रातील कोणत्याही महाविद्यालयाच्या मराठी विभागाला ठाऊक असते. मुदत संपत आली तरी पेटीत चार-दोन चारोळ्या पडलेल्या असतात आणि त्यांतील काही कुठून तरी उतरवून घेतलेल्या असतात. मग संपादक मंडळातील प्राध्यापक वर्गावर्गांत जाऊन ‘काहीतरी लिहा’ असे आवाहन करतात. या आवाहनाला सहसा प्रतिसाद मिळत नाही. मात्र वर्गात गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीच कोणी त्याच रात्री भ्रमणध्वनीवरील एखाद्या काव्यसमूहात ‘आजचा शब्द’ घेऊन आठ ओळी लिहितो आणि त्यावर कोण काय म्हणाले हे पाहण्यासाठी पहाटे पुन्हा तो समूह उघडतो. लिहिण्याची इच्छा त्याला नाही, असे म्हणता येत नाही. त्याला तेथे दोन गोष्टी मिळतात, ज्या फलकावरील सूचनेत नसतात. एक म्हणजे धरण्याजोगे टोक, आणि दुसरी म्हणजे वाट पाहणारा वाचक.

लेखनाला असे टोक देण्याच्या रीतीला इंग्रजीतून आलेला ‘प्रॉम्प्ट’ हा शब्द आता रूढ झाला आहे. मराठी रंगभूमीला तो नवा नाही. विंगेत पोथी घेऊन बसणारा प्रॉम्प्टर नटाला विसरलेले वाक्य हळूच सुचवीत असे. पण ते वाक्य आधीच लिहिलेले असे. लेखनासाठी दिलेल्या ओळीचे काम याच्या नेमके उलटे आहे. जे अजून कोणीही लिहिलेले नाही, त्याकडे ती बोट दाखविते. या कामासाठी भारतीय परंपरेत जुना आणि अधिक नेमका शब्द आहे, तो म्हणजे समस्या. आज हा शब्द केवळ ‘अडचण’ या अर्थाने उरला असला, तरी ‘समास’ या शब्दाशी असलेले त्याचे नाते लक्षात घेतले की मूळ अर्थ उलगडतो. जोडण्यासाठी, पुरे करण्यासाठी दिलेला पद्याचा तुकडा म्हणजे समस्या. प्रस्तुत लेखात या परंपरेचा, मराठी संकेतस्थळांवर तिला मिळालेल्या नव्या रूपाचा आणि महाविद्यालयीन लेखनशिक्षणाच्या दृष्टीने तिच्यातून काय घेता येईल याचा विचार केला आहे.

समस्येची घडण

वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी आहे तीत ‘काव्यसमस्यापूरण’ ही एक कला आहे. अंताक्षरीचे जुने रूप असलेली ‘प्रतिमाला’ हीदेखील त्याच यादीत आहे. म्हणजे काव्याची पूर्ती करणे हे एकांतातील साधनेइतकेच चारचौघांत खेळावयाचे कौशल्य मानले जात होते. भोज आणि कालिदास यांच्याविषयीच्या दंतकथांत एक समस्या अशी येते की, तिच्यात अर्थाचा एकही शब्द नाही. केवळ एका ध्वनीची पुनरावृत्ती आहे. अशा निरर्थक चरणाचे करायचे काय? कथेतील कवी एक प्रसंग उभा करतो. पाणी आणणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याची घागर निसटते, पायऱ्यांवरून घरंगळत जाते आणि तिचा आवाज म्हणजेच तो चरण. कथा खरी असो वा नसो, समस्येचे शास्त्र तिच्यात पूर्णपणे आले आहे. दिलेल्या ओळीत काहीतरी खटकणारे, न जुळणारे असावे लागते. ते ज्या परिस्थितीत जुळेल ती परिस्थिती शोधणे, हेच लिहिणाऱ्याचे काम. सरळ, सुबक आणि स्वतःच पूर्ण असलेली ओळ समस्या म्हणून निरुपयोगी ठरते, कारण तिच्यात पूर्ती करण्याजोगे काही उरलेलेच नसते.

ही कला केवळ दरबारी करमणुकीपुरती होती, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करण्यास एकच उदाहरण पुरेसे आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील जैन आचार्य जिनसेन यांनी ‘पार्श्वाभ्युदय’ या काव्यात कालिदासाचे संपूर्ण ‘मेघदूत’ समस्या म्हणून घेतले. प्रत्येक श्लोकात मेघदूताचा एक किंवा दोन चरण ठेवायचे आणि उरलेले चरण स्वतः रचून पार्श्वनाथांच्या तपश्चर्येची कथा सांगायची, अशी ही योजना होती. विरहशृंगाराचे शब्द जसेच्या तसे राहतात आणि काव्य मात्र वैराग्याचे होते. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, सोलापूरच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. दुसऱ्याची ओळ घेतल्याने स्वतःचे म्हणणे हरवते, या आक्षेपाला नवव्या शतकात इतक्या जवळून दिले गेलेले उत्तर आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच पोहोचते.

तेलुगु भाषेतील अवधानाची परंपरा याच शाखेची. सोलापुरातील विणकर समाजाचा मोठा भाग मूळचा तेलुगु भाषक असल्याने हा संदर्भ या जिल्ह्याला परका नाही. अवधानात कवीभोवती प्रश्न विचारणारे ‘पृच्छक’ बसतात. एक जण समस्या देतो. दुसरा ‘दत्तपदी’, म्हणजे काही शब्द देऊन ते पद्यात आणावयास सांगतो. तिसरा ‘निषिद्धाक्षरी’त पुढचे कोणते अक्षर वापरायचे नाही हे पावलोपावली बजावत राहतो. ‘खालील चार शब्द वापरून कविता लिहा’ असा खेळ भ्रमणध्वनीवरील समूहात मांडणाऱ्याला आपण दत्तपदीच मांडत आहोत, याची बहुधा कल्पना नसते.

मराठीत स्वतःवर बंधन घालून लिहिण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मोरोपंतांचा. परंपरेने एकशे आठ मानल्या जाणाऱ्या त्यांच्या रामायणांत ओष्ठ्य वर्ण, म्हणजे प, फ, ब, भ, म हे वर्ग टाळून रचलेले निरोष्ठ रामायण आहे. रामकथा सांगायची आणि ‘राम’ हे नावच उच्चारायचे नाही, असे हे बंधन. फ्रान्समध्ये १९६० साली ‘ऊलिपो’ या नावाने एकत्र आलेल्या लेखकांनी बंधनातून निर्मिती हे तत्त्व मांडले आणि त्यांच्यातील जॉर्ज पेरेक याने १९६९ मध्ये फ्रेंचमधील ‘ई’ हे अक्षर पूर्णपणे टाळून कादंबरी लिहिली. त्या कादंबरीचा उल्लेख आपल्या चर्चासत्रांत आदराने होतो. मोरोपंतांच्या याच प्रकारच्या रचनेला मात्र ‘शाब्दिक कसरत’ म्हणून बाजूला ठेवले जाते. दोहोंना एकच माप लावावे, एवढेच येथे म्हणणे आहे.

जाते, फड आणि मुशायरा

लिखित परंपरेपेक्षाही दिलेल्या ओळीचा उपयोग मौखिक परंपरेत अधिक झाला. जात्यावर दोघी बसल्या की एकीने ओळ काढायची आणि दुसरीने ती उचलून पुढे न्यायची. ओवीच्या आरंभाचे साचे ठरलेले असत आणि ते सर्वांच्या मालकीचे असत. पण त्या साच्यात कोणी माहेरचे सुख घातले, कोणी सासूची तक्रार घातली, कोणी विठ्ठलाला घरच्या माणसासारखे दटावले. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रेरणेने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. आरंभ सारखा असूनही अनुभव किती निरनिराळे होऊ शकतात, याचा इतका मोठा पुरावा दुसरा नसेल.

फडावर हाच खेळ चुरशीचा होतो. कलगी-तुऱ्याच्या भेदिक शाहिरीत शक्तीचा पक्ष घेणारे कलगीवाले आणि शिवाचा पक्ष घेणारे तुरेवाले एकमेकांना कूट घालतात आणि समोरच्याने ते पद्यातच सोडवावयाचे असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात जन्मलेले रामजोशी हे शास्त्र-पुराण आणि तमाशाचा फड या दोन्ही जगांत वावरलेले कवी. व्युत्पन्न घराण्यातील या माणसाने लावणीला पांडित्य दिले, असे नेहमी सांगितले जाते. पण फडाने त्यांना काय दिले, हेही विचारले पाहिजे. फडावरचा श्रोता उत्तराची वाट पाहत समोर बसलेला असतो. उत्तर फसले तर ते त्याच क्षणी कळते. पुढे तमाशातील सवाल-जवाब हा शहरी प्रेक्षकालाही इतका परिचित झाला की, १९६४ साली आलेल्या एका लोकप्रिय चित्रपटाचे नावच ‘सवाल माझा ऐका!’ असे ठेवता आले.

उर्दूतील तरही मुशायऱ्याची रीत याहून सौम्य आहे. एक मिसरा आधी जाहीर होतो आणि त्याच वृत्तात, त्याच रदीफ-काफियात प्रत्येक शायर स्वतःची गझल बांधून आणतो. येथे कोणी कोणाला हरवीत नाही. एकच जमीन किती जणांनी किती तऱ्हांनी नांगरली, हे एका रात्रीत ऐकावयास मिळते. मराठीत सुरेश भटांनी गझलेचे तंत्र ‘गझलेची बाराखडी’ या छोटेखानी मार्गदर्शिकेत मांडले आणि नवोदितांच्या हाती दिले. पुढे इंटरनेटवर मराठी गझल शिकू पाहणाऱ्यांच्या कार्यशाळा भरल्या, तेव्हा ही बाराखडी त्यांचे क्रमिक पुस्तक ठरली.

आधुनिक मराठी कवितेतील मंडळांचा विचार येथेच करावयास हवा. पुण्यात १९२३ च्या सुमारास एकत्र आलेले रविकिरण मंडळ दर रविवारी जमत असे. चहा होई, कविता वाचल्या जात आणि त्यांवर चर्चा होई. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमा रानडे आदींचे हे मंडळ काव्यगायनासाठी आणि प्रणयकवितेसाठी लक्षात राहिले. पण त्याचे वेगळेपण त्या साप्ताहिक बैठकीत होते. पुढच्या रविवारी ऐकणारे ठरावीक कान आहेत, हे माहीत असल्यावर आठवडाभरात काहीतरी लिहून होतेच. केशवकुमार या नावाने आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मधून या आणि अशा कवींची विडंबने केली. तोही एका अर्थी प्रतिसादच होता, आणि मंडळातल्या मंडळात मिळणाऱ्या कौतुकावरचा तो उतारा होता.

संकेतस्थळांवरील लेखनखेळ

१९९६ च्या गणेशचतुर्थीला ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले. परदेशात विखुरलेल्या मराठी माणसांना एकत्र आणणारी ती पहिल्या काही जागांपैकी एक. त्या काळी संगणकावर देवनागरी लिहिणे हीच एक समस्या होती आणि पुष्कळ मजकूर रोमन लिपीत लिहिला जाई. युनिकोडचा प्रसार झाल्यावर चित्र पालटले. २००४ मध्ये ‘मनोगत’ आणि २००७ मध्ये ‘मिसळपाव’ ही संकेतस्थळे सुरू झाली. मायबोलीवर सर्जनशील लेखनाच्या विभागाला ‘गुलमोहर’ म्हणतात, तर मिसळपाववर कवितेचा विभाग ‘जे न देखे रवी’ या नावाने ओळखला जातो. या नावांवरूनच लक्षात येते की, हे लेखक परंपरेशी खेळीमेळीच्या नात्याने वागत होते.

मायबोलीच्या गणेशोत्सवात लेखनाचे खेळ होऊ लागले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एसटीवाय’ म्हटल्या जाणाऱ्या खेळात संयोजक कथेचा आरंभ देतात आणि सभासद आळीपाळीने ती पुढे नेतात. कोणी नायिकेला विमानात बसवतो, दुसरा ते विमान करमाळ्याच्या बसस्थानकावर उतरवतो, अशी गंमत त्यात अपेक्षितच असते. अलीकडच्या काळात ‘शशक पूर्ण करा’ असा अधिक शिस्तीचा खेळ आला. शशक म्हणजे शतशब्दकथा. १९८० च्या दशकात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठातील विज्ञानकथाप्रेमींनी शंभर शब्दांच्या कथेचा प्रकार रूढ केला होता. मराठीत आल्यावर त्याचे आद्याक्षरी नाव असे झाले की, ते ससा या अर्थाच्या संस्कृत शब्दाशी जुळावे. मिसळपाववरही या कथांच्या स्पर्धा झाल्या. मायबोलीच्या खेळात आरंभीची काही वाक्ये दिलेली असतात आणि उरलेल्या शब्दांत कथा संपवायची असते. ही सरळसरळ गद्यातील समस्यापूर्ती होय.

मराठी अनुदिनीकारांनी एकमेकांना लेखनाचा विषय सोपविण्यासाठी ‘खो’ हा शब्द योजला, ही त्या काळातील भाषिक सूझ नोंदवण्याजोगी आहे. एकाने लिहून पुढच्याच्या पाठीवर थाप द्यायची आणि त्याने लगेच उठून धावायचे. ‘टॅग’ या शब्दाला यापेक्षा चांगला प्रतिशब्द कोणत्याही परिभाषा समितीला सुचला नसता.

या सर्व खेळांत सर्वांत जिवंत प्रकार म्हणजे विडंबन. सकाळी प्रसिद्ध झालेल्या गंभीर गझलेचे त्याच वृत्तात, त्याच काफियात रचलेले विडंबन संध्याकाळपर्यंत हजर होई. एका विडंबनकाराने तर अत्र्यांच्या ‘केशवकुमार’ या नावाशी यमक जुळेल असे टोपणनाव घेतले होते. मूळ कवीला राग येई, कधी वादही होत. परंतु विडंबन करणाऱ्याला मूळ रचनेचे वृत्त मात्रेमात्रेने मोजावे लागते. म्हणून कवितेचे सर्वांत बारीक वाचन अनेकदा तिची थट्टा करणाऱ्यानेच केलेले असे.

ओळीपेक्षा उत्तर महत्त्वाचे

दिलेली ओळ आरंभाची भीती घालविते. कोरा कागद सर्व शक्यता एकाच वेळी समोर ठेवतो आणि नवशिका त्यांच्या गर्दीत थांबतो. ओळ दिली की शक्यता कमी होतात आणि हात चालू लागतो. शिवाय, फसले तर दोष ओळीवर ढकलता येतो. ही लहानशी सवलत नवोदिताला फार मोलाची वाटते. पण एवढ्याने लेखन सुधारत नाही. दररोज एक शब्द घेऊन तीन वर्षे लिहिणारा आणि तिसऱ्या वर्षीही पहिल्या दिवसासारखेच लिहिणारा कवी भ्रमणध्वनीवरील समूहांत सहज आढळतो. त्याला ओळी मिळाल्या. उत्तर मिळाले नाही. हात जोडल्याची, फुलाची किंवा टाळ्यांची चिन्हे म्हणजे उत्तर नव्हे. कविता पोहोचली, एवढीच ती पोच असते.

उत्तर म्हणजे काय, याचा वस्तुपाठ मराठीत ‘सत्यकथा’ मासिकाने घालून दिला. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी नवोदित लेखकांशी केलेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. कथा परत येई, पण तिच्यासोबत ती कोठे निसटली याचे विवेचनही येई, आणि लेखक ती पुन्हा लिहून पाठवी. ‘सत्यकथा’ने आपल्याला जमेस धरले नाही, अशी तक्रार साठोत्तरी काळातील अनियतकालिकांच्या लेखकांनी केली, आणि ती निराधार नव्हती. तरीही १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडल्यावर नव्या लेखकाचा कच्चा खर्डा इतक्या गांभीर्याने वाचणारी जागा फार थोडी उरली. संकेतस्थळांनी ती उणीव काही प्रमाणात भरून काढली. तेथे शिकागोतील अभियंता, साताऱ्यातील शिक्षिका आणि पुण्यातील विद्यार्थी एकाच कथेखाली लिहीत. ‘तिसऱ्या परिच्छेदात नवऱ्याचे बोलणे कृत्रिम वाटते’ असे कोणी सांगे, आणि लेखक ते मान्य करी किंवा हट्टाने नाकारी. दोन्हींत त्याचे शिक्षण होई.

या ठिकाणी एक कटू गोष्टही नोंदविली पाहिजे. संकेतस्थळांवरील आरंभीचा वाचकवर्ग मुख्यतः शहरी, उच्चशिक्षित आणि प्रमाणभाषेत वाढलेला होता. शुद्धलेखनाचा आग्रह तेथे बराच होता; ‘मनोगत’ने तर लेखनातील चुका शोधणारा शुद्धिचिकित्सक उपलब्ध करून दिला होता. ही सोय उपयुक्त होती, यात शंका नाही. पण २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे खेड्यातील विद्यार्थी लिहू लागले, तेव्हा ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘आमी’ अशा रूपांसह आलेल्या लेखनातील ऱ्हस्वदीर्घ आधी तपासले जाणे आणि त्यातील माणूस नंतर भेटणे, असे होऊ लागले. काही वेळा तो भेटलाच नाही. घरात पहिल्यांदाच लिहू लागलेल्या मुलाची पहिली कथा ‘आधी शुद्ध लिहायला शिका’ या चार शब्दांनी परत गेली, तर दुसरी कथा बहुधा येत नाही. हा दोष केवळ पडद्यामागील अनोळखी वाचकाचा नाही. उत्तरपत्रिकेच्या समासात लाल शाईने रेघ ओढणारा अध्यापकही अनेकदा हेच करतो. प्रथम लेखनाला उत्तर आणि मग भाषेची दुरुस्ती, हा क्रम उलटला की खेळ मोडतो.

श्रेयाचा प्रश्नही गंभीर आहे. समूहात टाकलेली कविता दुसऱ्या दिवशी कवीचे नाव गळून, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याचे नाव लागून, परत त्याच्याच हाती येते. दिलेली ओळ किंवा कल्पना कोणाच्याही मालकीची नसते. तिच्यातून झालेली शब्दरचना मात्र रचणाऱ्याची असते. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा लेखकाचा अधिकार कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यानंतरही कायम राहतो. त्यासाठी नोंदणीचीही सक्ती नाही. पदवीच्या प्रथम वर्षाला लेखनकौशल्ये शिकविताना ही माहिती दहा मिनिटांत देता येते. त्याबरोबरच, खुल्या जागी टाकलेले लेखन अनेक संपादक ‘पूर्वप्रकाशित’ मानतात, हेही विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक आहे.

आणखी एक बदल २०२२ च्या अखेरीपासून झाला. ‘प्रॉम्प्ट’ हा शब्द आता माणसापेक्षा यंत्राला दिलेल्या आज्ञेसाठी अधिक वापरला जातो. विद्यार्थ्याला दिलेली ओळ तो यंत्राला देऊ शकतो आणि अर्ध्या मिनिटात नीटनेटकी पूर्ती मिळवू शकतो. याला प्रतिबंध करण्याचे उपाय थोडे आहेत, पण फडाचा उपाय अजून चालतो. समोरासमोर, कागदावर, वीस मिनिटांत लिहायचे आणि लगेच वाचून दाखवायचे. शिवाय ओळ अशी निवडायची की, तिची पूर्ती केवळ त्या गावच्या माणसालाच करता यावी.

महाविद्यालयातील उपयोजन

अशी ओळ कोठे सापडेल? निबंधाचे रूढ विषय या कामी येत नाहीत. ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय दिला की विद्यार्थ्याच्या हाती लेखणीआधी मार्गदर्शक पुस्तकातील वाक्ये येतात. कारण तो विषय पूर्ण आहे. त्यात काहीच खटकत नाही. उलट, उजनी धरणाचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, हे या परिसरातील प्रत्येकाने पाहिले किंवा ऐकले आहे. ‘पाणी उतरलं आणि देवळाची पायरी दिसली’ एवढीच ओळ द्यावी. करमाळा तालुक्यातील भीमाकाठची गावे धरणासाठी उठली. तेथून उठलेल्या घरातील विद्यार्थिनी त्या पायरीवर आजीला बसवील. ज्याच्या शेताला त्याच पाण्यावर ऊस पिकतो, तो पाणी उतरल्याची धास्ती लिहील. दोघे एकाच बाकावर बसत असतील आणि एकमेकांच्या घरची ही गोष्ट त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नसेल. जेऊरच्या रेल्वे फलाटावर विसरलेली पिशवी, कारखान्याच्या गाडीतून सांडलेली उसाची मोळी, बाजाराच्या दिवशी न उघडलेले एकच दुकान, अशा कितीतरी ओळी अध्यापकाला चालता चालता मिळू शकतात. वस्तू ठोस असावी, तिच्यात काहीतरी अपुरे असावे आणि तिचा अर्थ ओळीतच सांगितलेला नसावा, एवढे पथ्य पाळले की पुरे.

नेमून दिलेल्या कामातून अस्सल निर्मिती होत नाही, या समजुतीला जेऊरमध्येच उत्तर आहे. जेऊरचे नागराज मंजुळे प्रथम कवी म्हणून पुढे आले. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्यांचा संग्रह. ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा पहिला लघुपट त्यांनी अहमदनगर येथे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेताना अभ्यासक्रमाच्या निमित्ताने केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढील ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) सर्वांना माहीत आहेत. काम अभ्यासक्रमाचे होते. शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलाची गोष्ट त्यांची स्वतःच्या जगातली होती. समस्या आणि पूर्ती यांचे नाते हेच.

वर्गात हा उपक्रम करताना वाचनाची बाजू अधिक काटेकोर ठेवावी लागते. वाचून दाखविणाऱ्याला टाळ्या देऊ नयेत. ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी, त्यातील कोणते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे आणि कोठे कळले नाही, एवढेच सांगावे. अध्यापकाने शेवटी बोलावे आणि त्या तासाला ऱ्हस्वदीर्घाचा उल्लेख टाळावा. नाव द्यावयाचे नसेल त्याला टोपणनाव घेता यावे. विशेषतः मुली या सवलतीचा उपयोग करतात, हा संकेतस्थळांचाही अनुभव आहे. बोलीत आलेले लेखन बोलीतच राहू द्यावे. प्रमाणभाषेत ते पुन्हा लिहून पाहणे हा वेगळा, नंतरचा पाठ होऊ शकतो. भित्तिपत्रकावर एकाच ओळीच्या पाच-सहा पूर्ती शेजारीशेजारी लावल्या, तर उभ्या उभ्या वाचणाऱ्यालाही त्यांची तुलना करावीशी वाटते. एकट्या कवितेला हे भाग्य लाभत नाही.

राहता राहिला जतनाचा प्रश्न. मराठी कवितांचे अनेक समूह असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. त्याआधी २००९ मध्ये जिओसिटीज बंद होऊन लोकांनी हौसेने उभारलेली असंख्य पाने नाहीशी झाली होती. जगभरच्या हौशी लेखकांना नोव्हेंबर महिन्यात कादंबरी लिहावयास लावणारी, १९९९ मध्ये सुरू झालेली अमेरिकेतील ‘नॅनोरायमो’ ही संस्थाही २०२५ मध्ये आवरती घेण्यात आली. भ्रमणध्वनीवरील समूहातील कविता तर नवा भ्रमणध्वनी घेतला की जाते. म्हणून विभागाने एक जाड वही ठेवावी. तीत डावीकडे ओळ आणि तारीख, उजवीकडे विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरातील पूर्ती आणि खाली ऐकणाऱ्यांचे दोन अभिप्राय नोंदवावेत. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तीच ओळ द्यावी, त्यांचे लिहून आणि वाचून होऊ द्यावे, आणि मगच मागची वही उघडून दाखवावी.